‘गिव्ह अप’मध्ये काय दिले जाते?

‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर. ‘गिव्ह अप’ म्हणजे मात्र ‘वर देणे’ नव्हे. त्याचा अर्थ सोडून देणे, नाद सोडणे, हार मानणे. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला हे कोडे शाळेतच भेटते आणि पदवीपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. ‘टेक’ म्हणजे घेणे, मग ‘टेक ऑफ’ म्हणजे कधी चप्पल काढणे तर कधी विमानाने उडणे, हे कसे? ‘लुक’ म्हणजे पाहणे, तर ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक फॉर’ म्हणजे हुडकणे आणि ‘लुक इंटू’ म्हणजे चौकशी करणे. शब्दकोशात दोन्ही शब्द वेगवेगळे सापडतात, तरी वाक्याचा अर्थ लागत नाही.

कोड्याची दुसरी बाजू सहसा कोणाच्या नजरेत येत नाही. ‘गिव्ह अप’चे रोजच्या मराठीत भाषांतर होते ‘सोडून देणे’, आणि त्यातही ‘देणे’ आहे. ‘त्याने तंबाखू सोडून दिली’ या वाक्यात कोणी कोणाला काहीच दिलेले नाही. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडच्या मोंढ्यात असे वाक्य बोलणाऱ्या माणसाला त्यात काही अवघड आहे असे वाटतही नाही. ‘सोडणे’ या क्रियापदाला ‘देणे’ जोडले की ती क्रिया कायमची आणि पुरती झाल्याचा अर्थ येतो, हे त्याला व्याकरण न शिकता कळते. म्हणजे ज्या यंत्रणेने इंग्रजी परके वाटते, तीच यंत्रणा मराठी माणूस दिवसातून शेकडो वेळा वापरत असतो.

दोन शब्द, एक क्रियापद

इंग्रजीत एखाद्या साध्या क्रियापदाला ‘अप’, ‘आउट’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘डाउन’, ‘बॅक’ यांसारखा छोटा शब्द जोडून जे नवे क्रियापद तयार होते, त्याला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. पहिला शब्द बहुधा अगदी घरगुती असतो: जाणे, येणे, घेणे, ठेवणे, पाहणे, धरणे, वळणे. दुसरा मुळात जागा किंवा दिशा दाखवणारा असतो. या लेखात त्याला ‘जोडीचा शब्द’ म्हटले आहे.

ही अडचण आजची नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नोंदवले की क्रियापदाला असा शब्द चिकटून अर्थ पालटण्याची ही रीत परकीयांना फार जड जाते, आणि म्हणून अशा जोड्या आपण मुद्दाम टिपल्या आहेत. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच नंतर रुळले. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरले आणि ते हेन्री ब्रॅडली या कोशकारांनी सुचवल्याचे सांगितले.

मुखेडच्या बोलीत हेच कसे घडते

मराठीत जोडीचा शब्द दिशादर्शक नसतो. तिथे दुसरे क्रियापदच येते. ‘शेत विकले’, ‘शेत विकून टाकले’ आणि ‘शेत विकून बसला’ ही तीन वाक्ये घ्यावीत. व्यवहार तिन्हींत एकच आहे. पहिल्यात नुसती माहिती आहे. दुसऱ्यात विषय एकदाचा संपवल्याचा भाव आहे. तिसऱ्यात बोलणाऱ्याला ते पटलेले नाही; जे व्हायला नको होते ते झाले आणि आता काही करता येत नाही, असे त्याला म्हणायचे आहे. ‘टाकणे’ म्हणजे फेकणे आणि ‘बसणे’ म्हणजे बूड टेकवणे, एवढेच अर्थ पाठ केलेल्या परक्या माणसाला ही वाक्ये ‘गिव्ह अप’इतकीच अवघड वाटतील. शेत कोणी फेकले आणि विकल्यावर तो कुठे बसला, असे तो विचारील.

‘लिहून घे’, ‘लिहून दे’, ‘लिहून काढ’, ‘लिहून टाक’ या चार सूचना मुखेडच्या कोणत्याही वर्गात ऐकू येतात. पोरे त्यांची कधी गफलत करत नाहीत. फळ्यावरचे स्वतःसाठी उतरवायचे ते लिहून घ्यायचे, दुसऱ्याच्या हाती सोपवायचे ते लिहून द्यायचे, लांबलचक मजकूर नेटाने लिहून काढायचा आणि मागे लागलेले काम लिहून टाकायचे.

नांदेड-लातूरकडच्या बोलीत याहून बोलका पुरावा आहे. ‘काय करूलालास?’, ‘पाऊस येऊलालाय’, ‘गावाला जाऊलालो’ ही इथली रोजची भाषा. ‘करू लागला आहेस’, ‘येऊ लागला आहे’, ‘जाऊ लागलो आहे’ ही रूपे जिभेवर घासत घासत अशी आखूड झाली आहेत. त्यात ‘लागणे’ दडलेले आहे, पण बोलणाऱ्याच्या मनात ‘लागणे’ उरलेले नाही. उरली आहे फक्त ‘क्रिया आत्ता चालू आहे’ ही खूण. वापरून वापरून मूळ अर्थ झिजतो आणि शब्द व्याकरणाच्या कामाला लागतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. इंग्रजीतल्या ‘अप’ आणि ‘आउट’चे पुष्कळदा हेच झाले आहे.

मुखेड तालुका कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमांजवळ आहे. बाजाराच्या दिवशी मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, दखनी उर्दू आणि तांड्यांवरची गोरमाटी कानावर पडते. ‘करून टाक’ला तेलुगूत ‘चेसेय्’ म्हणतात. त्यात ‘करणे’ला ‘वेय्’ म्हणजे टाकणे जोडलेले असते. कन्नडमध्ये ‘माडिबिडु’, त्यात ‘करणे’ला ‘बिडु’ म्हणजे सोडणे. उर्दूत ‘कर डालो’. भाषांची कुळे वेगळी, पण युक्ती एकच. भारतीय भाषांमधली ही सामायिक खूण कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात नकाशांसह मांडली होती. तीन-चार भाषांत ही युक्ती वापरणाऱ्या मुखेडच्या मुलाला पाचव्या भाषेत ती जमत नाही, याचे कारण एकच: ती तीच युक्ती आहे हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

संस्कृतात हे काम शब्दाच्या पुढच्या बाजूने होते. ‘हृ’ या एका धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार होतात. व्याकरणकारांनी असे २२ उपसर्ग मोजले. पुढे ते धातूला घट्ट चिकटले, पण वेदांच्या जुन्या भाषेत उपसर्ग धातूपासून सुटा राहू शकत असे. मध्ये इतर शब्द येत. आजच्या इंग्रजीतही क्रियापद आणि जोडीचा शब्द यांच्यामध्ये कर्म येऊन बसते. त्याचा खुलासा पुढे येईल.

‘वर’पासून ‘पुरते’पर्यंत: ‘अप’ची वाट

जोडीचा शब्द जागेपासून निघतो आणि हळूहळू मनातल्या गोष्टींपर्यंत पोचतो. ही वाट पायरीपायरीने पाहिली की बरेच अर्थ आपोआप उलगडतात.

पहिली पायरी सरळ आहे. ‘स्टँड अप’ म्हणजे उभे राहणे, ‘पिक अप’ म्हणजे खालचे उचलणे. दुसरी पायरी वाढीची. पोत्यात सोयाबीन ओतत गेले की ढीग वर चढतो. वर जाणे आणि वाढणे डोळ्यांसमोर एकत्रच घडते. म्हणून भाव ‘वर जातात’ आणि इंग्रजीतही किमती ‘गो अप’ होतात. आवाज वाढवणे म्हणजे ‘टर्न अप’. जास्त ते वर आणि कमी ते खाली, ही जोडी जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये भाषेतल्या रूपकांवर लिहिलेल्या पुस्तकात ठळकपणे मांडली.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. रांजणात पाणी ओतत राहिले की ते वर येत येत काठाला लागते, आणि काठाला लागले की भरणे संपते. ‘फिल अप’मध्ये ‘वर’ आणि ‘पूर्ण’ हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे आहेत. तिथून ‘पूर्ण’ हा अर्थ सुटा झाला आणि जिथे वर काहीच जात नाही तिथेही वापरला जाऊ लागला. ‘ईट अप’ म्हणजे सगळे खाऊन टाकणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे, ‘क्लीन अप’ म्हणजे साफसूफ करून घेणे. इथला ‘अप’ जवळजवळ मराठीतल्या ‘टाकणे’चे काम करतो. ‘ड्रिंक युवर मिल्क’ म्हणजे दूध पी. ‘ड्रिंक अप युवर मिल्क’ म्हणजे दूध पिऊन टाक. आई पोराला दुसरे वाक्य का म्हणते, हे समजावून सांगावे लागत नाही.

चौथी पायरी उजेडात येण्याची. मृगात पेरलेले बियाणे आठवड्याभरात जमिनीच्या वर दिसते. दडलेले होते ते वर आले, म्हणजे दिसू लागले. ‘कम अप’ म्हणजे एखादा विषय किंवा अडचण अचानक समोर येणे आणि ‘ब्रिंग अप’ म्हणजे विषय काढणे. मराठीत विषय ‘काढतात’, म्हणजे आतून बाहेर आणतात. इंग्रजीत खालून वर आणतात. ‘ब्रिंग अप’चा दुसरा अर्थ लेकरू लहानाचे मोठे करणे. तो वाढीच्या पायरीवरचा आहे.

आता ‘गिव्ह अप’ उलगडते. किल्ला शत्रूच्या हवाली करणे किंवा स्वतः शरण जाणे हे या क्रियापदाचे आजही चालणारे अर्थ आहेत. जवळचे होते ते पुरते देऊन टाकले, स्वतःकडे काही ठेवले नाही. हातची वस्तू पुरती देणे म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडणे. आणि सवय, आशा किंवा प्रयत्न यांवरचा हक्क सोडणे म्हणजे त्या सोडून देणे. ‘देणे’पासून ‘सोडणे’पर्यंत मराठी आणि इंग्रजी एकाच वाटेने चालत आल्या.

‘आउट’: आतले बाहेर

‘आउट’ला एक बंद जागा लागते: घर, कणगी, पेटी, डोके. ‘गो आउट’ म्हणजे बाहेर जाणे. न कळलेली गोष्ट दडलेली आहे अशी कल्पना केली की ती कळणे म्हणजे बाहेर काढणे. ‘फाइंड आउट’चे नेमके मराठी ‘शोधून काढणे’, आणि त्यातले ‘काढणे’ म्हणजेच ‘आउट’. ‘वर्क आउट’ म्हणजे हिशेब काढणे. ‘पॉइंट आउट’ म्हणजे दाखवून देणे. इथे मराठीने ‘काढणे’ऐवजी ‘देणे’ निवडले. दोन भाषा दर वेळी एकच खुंटी वापरतील असे नाही, पण खुंट्या त्याच घरातल्या असतात.

कणगीतले धान्य बाहेर पडत राहिले की एक दिवस तळ दिसतो. म्हणून ‘रन आउट’ म्हणजे संपणे. दिव्यातली ज्योत निघून गेली की ‘गो आउट’, म्हणजे विझणे. मुखेडमध्ये ‘लाइट गेली’ म्हणतात. ती कुठे गेली, असे कोणी विचारत नाही.

‘ऑन’ आणि ‘लागणे’

‘ऑन’चा मूळ अर्थ ‘वर’ असा शिकवला जातो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. ‘ऑन’चा गाभा उंची नसून स्पर्श आहे. भिंतीवरचे घड्याळ भिंतीच्या डोक्यावर नसते, भिंतीला टेकलेले असते, तरी इंग्रजीत ते ‘ऑन द वॉल’. अंगाला कपडा टेकला की ‘पुट ऑन’. गाडीचे चाक रस्त्याला टेकलेले असेपर्यंत प्रवास चालू असतो. तसा माणूस कामाला टेकलेला असेपर्यंत काम चालू. म्हणून ‘गो ऑन’, ‘कॅरी ऑन’, ‘कीप ऑन’ या सगळ्यांत न थांबण्याचा अर्थ आहे.

‘लागणे’चा मूळ अर्थही स्पर्शच. बोटाला शाई लागते, नाव काठाला लागते. त्याच ‘लागणे’तून ‘पडू लागला’, ‘बोलू लागला’ निघाले आणि पुढे मुखेडच्या ‘करूलालास’पर्यंत पोचले. टेकणे, मग जुंपणे, मग चालू असणे हा ‘ऑन’चा आणि ‘लागणे’चा प्रवास समांतर आहे. ‘व्हॉट्स गोइंग ऑन?’ याला मराठीत ‘काय चाललंय?’ म्हणतात, तिथे ‘गो’च्या जागी ‘चालणे’ बसले आहे. ‘गो ऑन’ हे इंग्रजीतले सर्वाधिक वापरले जाणारे फ्रेजल व्हर्ब आहे. मराठी मुलासाठी ते सर्वांत सोपे असायला हवे.

‘ऑफ’: सुटणे

‘ऑफ’ म्हणजे तो स्पर्श तुटणे. चप्पल पायातून सुटली की ‘टेक ऑफ’. विमान धावपट्टीपासून सुटले तरी तेच. बसमधून उतरणे ‘गेट ऑफ’, प्रवासाला निघणे ‘सेट ऑफ’. पीककर्जाचा शेवटचा हप्ता भरून डोक्यावरचे ओझे उतरवणे ‘पे ऑफ’, म्हणजे फेडून टाकणे.

‘गो ऑफ’ विद्यार्थ्यांना फार छळते. गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजतो, दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे बंद होतो आणि ब्रिटिश बोलीत दूध ‘गोज ऑफ’ म्हणजे नासते. वाजणे आणि बंद होणे हे उलट अर्थ एका शब्दात कसे राहतात? प्रत्येक वस्तू आपल्या ठरल्या स्थितीपासून सुटते, असे धरले तर उत्तर मिळते. गजर शांततेपासून सुटतो, दिवा तेवण्यापासून सुटतो, दूध चांगल्या अवस्थेपासून सुटते. सुटणे एकच, कशापासून सुटले हे वस्तूवरून कळते.

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. ठरलेल्या दिवसापासून काम काढून बाजूला ठेवले, ही त्यातली कल्पना. इथे एक खरा धोका आहे. मराठीत बैठक ‘पुढे’ गेली म्हणजे ती उशिरा होणार. इंग्रजीत बैठक ‘ब्रिंग फॉरवर्ड’ केली म्हणजे ती ठरल्यापेक्षा आधी होणार. ‘फॉरवर्ड’ म्हणजे ‘पुढे’ असे शब्दाला शब्द लावून अर्थ घेतला तर माणूस सभा संपल्यावर पोचेल. या अर्थासाठी भारतीय इंग्रजीने ‘पोस्टपोन’च्या जोडीला ‘प्रीपोन’ हा आपला शब्द घडवला. तो भारतात सर्वत्र चालतो, बाहेर मात्र अनेकांना कळत नाही.

चौकट: आधीच घरात आलेले शब्द

फ्रेजल व्हर्बांपासून बनलेली कित्येक नामे मराठीत रुळली आहेत. त्यांतला जोडीचा शब्द ओळखला की मूळ क्रियापद हाती येते.

पिकअप: मोंढ्यात माल नेणारी गाडी. मूळ अर्थ उचलून घेणे. त्यावरून वाटेत कोणाला गाडीत घेणे, आणि सहज कानावर पडून भाषा शिकणे.

कटऑफ: लातूरला बारावी आणि ‘नीट’ची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडचा शब्द. जिथे रेघ मारून पुढचे तोडले, ती खूण.

ब्रेकडाउन: एसटी बंद पडणे. ‘डाउन’मध्ये चालते काम खाली बसल्याची कल्पना आहे.

रनआउट: क्रिकेटमध्ये फलंदाज धावताना बाद होणे. रोजच्या इंग्रजीतल्या ‘संपणे’ या अर्थाशी त्याची गल्लत करू नये.

पासआउट: भारतात शिक्षण पूर्ण करून बाहेर पडलेला. ब्रिटन-अमेरिकेत सामान्य बोलण्यात ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे. परदेशी मुलाखतीत ‘ग्रॅज्युएट’ म्हणणे बरे.

पुस्तकी शब्द असताना हे कशाला?

‘पोस्टपोन’ असताना ‘पुट ऑफ’ कशाला आणि ‘डिस्कव्हर’ असताना ‘फाइंड आउट’ कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर इंग्लंडच्या इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या सरदारांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर काही शतके दरबार आणि न्यायालये यांच्या कारभारात फ्रेंच व लॅटिन होत्या. शेतात आणि चुलीपाशी इंग्रजीच राहिली. पुढे फ्रेंच-लॅटिन शब्द इंग्रजीत मिसळले, पण पायरी टिकली. लॅटिन घराण्यातला ‘एक्स्टिंग्विश’ हा शब्द आग विझवण्याच्या सूचनाफलकावर दिसतो. घरात दिवा मालवायला माणूस ‘पुट आउट’च म्हणतो.

मराठीत संस्कृत शब्दांची आणि घरगुती क्रियापदांची अशीच वाटणी आहे. शासकीय परिपत्रकात कार्यक्रम ‘स्थगित’ होतो, घरात तो ‘पुढे ढकलतात’. पत्रकात पाहुणे ‘प्रस्थान’ करतात, ओसरीवरून ते ‘निघून जातात’. मराठी नीट येते म्हणणाऱ्याला फक्त ‘प्रस्थान’ येत असेल आणि ‘निघून जा’ कळत नसेल, तर त्याचे गावात कसे भागेल?

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्यांची नेमकी हीच गत होत आली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून चालत आलेली रीत एका शब्दाला एक प्रतिशब्द अशी होती. ‘पोस्टपोन’ अशा वहीत सहज बसतो, कारण तो एकसंध आहे. ‘पुट ऑफ’ बसत नाही, कारण त्याचे दोन तुकडे वेगवेगळ्या रकान्यांत जातात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असे. वर्षे वाढली, पण शब्दाला शब्द ही सवय पुष्कळ ठिकाणी टिकली. म्हणून इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारा विद्यार्थी दोन इंग्रजांच्या साध्या गप्पांत गोंधळतो. अवघड शब्द त्याला येतात, सोपे येत नाहीत. हा त्याच्या बुद्धीचा दोष नाही.

‘इट’ कुठे बसते?

अर्थ कळल्यावर वाक्यातल्या जागेचा प्रश्न उरतो. ‘स्वेटर घाल’ हे इंग्रजीत दोन प्रकारे म्हणता येते: ‘पुट ऑन युवर स्वेटर’ किंवा ‘पुट युवर स्वेटर ऑन’. पण स्वेटरऐवजी ‘इट’ आले की एकच मार्ग उरतो: ‘पुट इट ऑन’. ‘पुट ऑन इट’ चुकीचे ठरते. इंग्रजी वाक्यात शेवटची जागा नव्या किंवा वजनदार माहितीसाठी राखलेली असते. ‘इट’ म्हणजे आधीच ठाऊक असलेली वस्तू; तिला ती जागा मिळत नाही आणि ती मध्ये सरकते. याच कारणाने कर्म फार लांबलचक असेल तर ते शेवटी जाते.

तुकडे दूर झाले तरी नाते तुटत नाही, हे मराठी कानाला नवे नाही. ‘सोडून का देत नाहीस?’, ‘करून तरी टाक’ या वाक्यांत मध्ये शब्द शिरलेच आहेत.

‘लुक आफ्टर’, ‘लुक फॉर’, ‘लुक इंटू’ मात्र फुटत नाहीत. ‘लुक आफ्टर इट’ बरोबर, ‘लुक इट आफ्टर’ चूक. कारण ‘आफ्टर’, ‘फॉर’, ‘इंटू’ यांची गाठ क्रियापदाशी जितकी आहे तितकीच पुढच्या नामाशी आहे. मराठीतले ‘मागे’, ‘साठी’, ‘मध्ये’ नामाला जसे चिकटतात तसे हे आहेत, फक्त नामाच्या अलीकडे. काही व्याकरणकार म्हणून यांना फ्रेजल व्हर्बांत धरत नाहीत. शालेय पुस्तके धरतात. कानाने ओळखायची खूण अशी: ‘पुट इट ऑन’मध्ये जोर ‘ऑन’वर येतो, ‘लुक ॲट इट’मध्ये ‘लुक’वर. सुटणाऱ्या जोडीत छोटा शब्द ठासून उच्चारला जातो.

किती आणि कोणत्या क्रमाने

इंग्रजीत फ्रेजल व्हर्बांची संख्या हजारांत आहे, पण वापर मूठभरांचाच होतो. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ मध्ये ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या १० कोटी शब्दांच्या संग्रहात ती मोजली. ५ लाख १८ हजारांहून अधिक वेळा ती आढळली, म्हणजे सरासरी दर २०० शब्दांच्या आत एकदा. ‘गो’, ‘कम’, ‘टेक’, ‘गेट’, ‘सेट’ यांसारख्या २० क्रियापदांनीच त्यांतला निम्म्याहून अधिक वाटा उचलला होता. पहिल्या दहांत ‘गो ऑन’, ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’, ‘पिक अप’, ‘पॉइंट आउट’ आणि ‘फाइंड आउट’ आहेत. यांतले ‘कॅरी आउट’ म्हणजे काम पार पाडणे. ते कार्यालयीन आणि वैज्ञानिक लिखाणातही सर्रास येते, म्हणून फ्रेजल व्हर्ब म्हणजे नुसती बोलभाषा असे समजू नये.

त्याच अभ्यासात पहिल्या १०० फ्रेजल व्हर्बांचे शब्दकोशातले अर्थ ५५९ भरले. हा आकडा पाहून कोणीही हात टेकेल. पण मेलोडी गार्निये आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी २०१५ मध्ये यातून वाट काढली. त्यांनी सर्वाधिक वापराची १५० फ्रेजल व्हर्बे घेऊन प्रत्येकाचे प्रत्यक्षात चालणारे अर्थ तपासले, तेव्हा यादी २८८ अर्थांवर थांबली. म्हणजे एका क्रियापदाचे सरासरी दोनसुद्धा नाहीत, आणि तेवढ्यांतच त्या क्रियापदाच्या वापरापैकी बहुतांश भागते.

स्पर्धा परीक्षांची पुस्तके मात्र अजूनही अकारविल्हे याद्या देतात. ‘ब्रेक डाउन’, ‘ब्रेक इन’, ‘ब्रेक ऑफ’, ‘ब्रेक आउट’, ‘ब्रेक अप’ एकाखाली एक. शिकण्याची याहून वाईट रीत नाही. एकसारखे दिसणारे पाच शब्द एकाच दिवशी डोक्यात घातले की ते एकमेकांत मिसळतात आणि परीक्षेत नेमके उलटे आठवतात. त्यापेक्षा जोडीचा शब्द धरून शिकावे: एका आठवड्यात ‘अप’च्या ‘पूर्ण’ या अर्थाची चार-पाच क्रियापदे, पुढच्या आठवड्यात ‘आउट’च्या ‘शोधून काढणे’ या अर्थाची. प्रत्येक क्रियापद वाक्यातच लिहावे आणि शेजारी ‘इट’ घालून दुसरे वाक्य लिहावे. समोर मराठी लिहिताना एका शब्दाचा हट्ट धरू नये. ‘यूज अप’समोर ‘वापरणे’ लिहिले तर ‘अप’ हरवतो. ‘वापरून संपवणे’ लिहिले तर तो टिकतो.

तीन तुकड्यांची क्रियापदे

काही क्रियापदांत जोडीचे शब्द दोन असतात: पहिला अर्थ पालटतो आणि दुसरा पुढच्या नामाला बांधून ठेवतो. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे जवळचे काही संपणे: ‘वुई हॅव रन आउट ऑफ डिझेल’. ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे, खपवून घेणे. ‘कॅच अप विथ’ म्हणजे पुढे गेलेल्याला गाठणे. ही तिन्ही कधी फुटत नाहीत. ‘इट’ नेहमी शेवटी येते: ‘पुट अप विथ इट’. या साच्याच्या प्रभावाने भारतीय इंग्रजीत ‘कोप अप विथ’ तयार झाले आहे. प्रमाण इंग्रजीत ते ‘कोप विथ’ एवढेच आहे, ‘अप’ लागत नाही.

‘लुक फॉरवर्ड टू’ म्हणजे एखाद्या गोष्टीची आनंदाने वाट पाहणे. नोकरीच्या अर्जाच्या शेवटी ते हमखास येते आणि हमखास चुकते. यातला ‘टू’ हा ‘टू गो’, ‘टू मीट’मधला नाही, तो ‘टू मुखेड’, ‘टू नांदेड’मधला, नामाआधी येणारा ‘टू’ आहे. म्हणून त्याच्यापुढे क्रियापद आले तर ते नामाच्या वेषात यावे लागते. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असे न लिहिता ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ असे लिहितात. मराठीत ‘भेटणे’चे ‘भेटण्याची’ केल्याशिवाय ‘भेटण्याची वाट पाहतो’ हे वाक्य उभे राहत नाही, तसेच हे.